पाहुणा कोण, तें आधीं ठरवा

कोंकणांतील वडिलार्जित घराचें पुढें काय करावयाचें, हा प्रश्न पुण्यामुंबईस स्थायिक झालेल्या अनेक एकत्र कुटुंबांपुढें आज उभा आहे. घर मोठें, माणसें थोडीं, आणि दरसाल शाकारणीचा खर्च मात्र ठरलेला! त्यांत ३ जून २०२० रोजीं 'निसर्ग' चक्रीवादळानें श्रीवर्धन-दिवेआगरापासून केळशी-आंजर्ल्यापर्यंतच्या माडापोफळींच्या बागा आडव्या केल्या. नवी पोफळ फळास येण्यास कित्येक वर्षें लागतात, माडासही तसाच धीर धरावा लागतो. तोंपर्यंत दोनतीन खोल्या पाहुण्यांस भाड्यानें द्याव्या, असा विचार पुष्कळांनीं केला, व तो योग्यच होता.

परंतु हा विचार मनांत येतांच बहुतेक गृहस्थ प्रथम धांव घेतात ती वातानुकूलन यंत्राच्या दुकानाकडे! शहरांतल्या हॉटेलांत जें जें असतें तें तें आपल्या माजघरांत आणून ठेविलें कीं पाहुणे येतील, अशी त्यांची समजूत असते. कोणते पाहुणे, हा प्रश्न मात्र कोणी विचारीत नाहीं. एकाची सोय ती दुसऱ्याची अडचण होते, हें ध्यानांत घेतल्यावांचून केलेला खर्च वायां जातो.

गुहागरचा व्याडेश्वर हें अनेक चित्पावन घराण्यांचें कुलदैवत. त्याच्या दर्शनास येणारें कुटुंब बहुधा तीन पिढ्यांचें असतें. सोबत ऐंशी उलटलेल्या आजी असतात, नुकतें लग्न झालेलें जोडपें असतें. पहांटे अभिषेकास निघावयाचें, म्हणून दहा माणसांना पांचाच्या सुमारास ऊन पाणी हवें. लहान गीझर दोन बादल्यांनंतर हात टेकतो. परसांत तांब्याचा बंब धुमसत असला तर कोणाचें अडत नाहीं. त्याहूनही महत्त्वाची गोष्ट शौचकूपाची. जुन्या घरांतून तो वाडीच्या टोंकाला असतो, आणि गुडघे धरलेल्या म्हाताऱ्या माणसाला रात्रीं बॅटरी घेऊन तेथवर जाणें म्हणजे शिक्षाच! घराला लागून एक कमोड, भिंतीस धरावयास दांडी, न घसरणारी फरशी आणि ओटीच्या पायरीवर रात्रभर मंद दिवा, एवढें केलें तर ते आजोबा पुढील वर्षीं आपण होऊन पत्र, म्हणजे आतां फोन, करतील. पैसा प्रथम येथें घालावा. नैवेद्याचा स्वयंपाक सोंवळ्यानें होईल कीं नाहीं, आणि उपाध्ये कोण, हेंही या मंडळींस आधींच कळविलेलें बरें.

वेळासची गोष्ट अगदीं निराळी. मंडणगड तालुक्यांतील या गांवीं, म्हणजे नाना फडणविसांच्या मूळ गांवीं, चिपळूणच्या सह्याद्री निसर्ग मित्र या संस्थेनें २००२ सालीं सागरी कासवांच्या अंड्यांच्या रक्षणाचें काम हातीं घेतलें. पुढें २००६ पासून तेथें कासव महोत्सव भरूं लागला. पिलें समुद्राकडे जातांना पाहावयास येणारी मंडळी गांवकऱ्यांच्याच घरीं उतरतात. त्यांना पलंग नको, पडवींतील गादी पुरते. हवा असतो तो दिवस उजाडण्यापूर्वीं चहा, वाळूनें भरलेले पाय धुण्यास अंगणांत नळ, परत आल्यावर गरम घावन आणि कॅमेऱ्याची बॅटरी भारण्यास एक जागा. उलट, शोभा म्हणून समुद्राच्या बाजूच्या कुंपणावर कोणी प्रखर दिवे लाविले तर तें पाप होय. कारण नुकतीं बाहेर पडलेलीं पिलें पाण्यावरील उजेडाच्या रोखानें समुद्र ओळखतात आणि दिव्याला भुलून उलट जमिनीकडे सरपटतात. येथें दिवा मालवणें हीच सोय!

संगणकावर काम करीत महिनाभर राहणाऱ्या तरुणांस योग्य उंचीचें टेबल, खंड न पडणारें इंटरनेट आणि वीज गेल्यावर चालणारा इन्व्हर्टर एवढें पुरे. रात्रभर गाणीं लावणाऱ्या टोळक्यांविषयीं मात्र माझें मत कठोर आहे. त्यांच्यासाठीं कांहींच सोय करूं नये.

आतां जी गोष्ट बैठकींत कोणी काढीत नाहीं ती. सोय यंत्रानें होवो वा हातानें, ती अखेर कोणाच्या तरी पाठीवर पडते. आणि बहुतेक घरीं ती पाठ गांवीं राहिलेल्या वहिनींची असते. पुण्याचे दोघे भाऊ फोनवरून 'उकडीचे मोदक, हवे तितके' असें जाहीर करून मोकळे होतात. पहांटे बंब पेटविणें, नारळ खवणें, पाहुणे गेल्यावर वीस चादरी धुणें, आणि आषाढांत त्या वाळविणें, हें सारें त्या माउलीनें करावयाचें. म्हणून मोदकांची संख्या आदल्या संध्याकाळींच ठरवून घ्यावी, महिन्यांतून कांहीं दिवस घर पाहुण्यांस बंद ठेवावें, आणि मदतीस एक बाई पगारी ठेवावी. तिचा पगार व वहिनींच्या कामाचा मोबदला जमाखर्चांत प्रथम मांडावा. मग जें उरेल त्याचे भावाभावांनीं भाग करावे.