संध्याकाळचे ‘गच्छामि’

परदेशातील आंबेडकरी घरांत संध्याकाळ केवळ दिवस मावळण्याची वेळ नसते. दिवसभर कचेरीत, पाळणाघरात आणि बसमध्ये इंग्रजीत वावरलेले घर त्या दोन तासांत पुन्हा मराठी होते, आणि पुन्हा बौद्धही होते. अर्थात घरात दोन वर्षांचे मूल असेल, तर या परिवर्तनाचे नियम तेच ठरवते. लंडनमधील आमच्या घरात सध्या हा अधिकार आमच्या लेकीकडे आहे.

वंदनेचेच पाहावे. तिच्या लेखी मेणबत्ती ही फुंकण्याची वस्तू. पाळणाघरातल्या वाढदिवसांनी तिला एवढे शिकविले आहे. आम्ही बुद्धमूर्तीपुढे मेणबत्ती लावावी, क्षणभर डोळे मिटावेत आणि उघडून पाहावे, तो ज्योत विझलेली, धुराची रेघ वर चाललेली आणि समोर टाळ्यांचा गजर! लगेच प्रश्न येतो, “केक?” शेवटी आम्ही तोडगा काढला. एक मेणबत्ती उंच फडताळावर, तिचा हात आणि फुंकर पोहोचणार नाही अशी. दुसरी वंदना संपल्यावर खास तिने फुंकण्यासाठी. हल्ली ती पंचशील संपेपर्यंत बऱ्यापैकी थांबते. लोभापोटी का होईना, पण थांबते.

त्रिशरणात ‘गच्छामि’ हा शब्द नऊ वेळा येतो. मुलाच्या कानी शब्द रुजायला याहून चांगली सोय कोणती? तो रुजलाही, फक्त त्याला कामाला तिने लावले. जेवण नको झाले, की खुर्चीवरून उतरताना “गच्छामि.” आंघोळीचे पाणी दिसले, की दाराकडे धाव आणि “गच्छामि!” आम्हांला हसू आवरत नाही, पण व्याकरणाच्या दृष्टीने तिची चूकही काढता येत नाही. पालीत ‘गच्छामि’चा साधा अर्थ ‘मी जाते’ असाच आहे. सप्टेंबरात इथल्या घरांतून मोठे कोळी फिरू लागतात. असाच एक कोळी आम्ही पेल्याखाली धरून, खाली कागद सरकवून बागेत सोडला. प्राणिहिंसा करायची नाही, हे पहिले शील तिला दाखविण्याची संधी आम्ही साधली होती. तिने हात हलवून कोळ्याला निरोप दिला, “गच्छामि, कोळी!” इथे मात्र व्याकरण चुकले, शील चुकले नाही.

उरलेल्या शीलांची परीक्षा रोजच असते. न दिलेले घ्यायचे नाही, हे सध्याच्या “माझं, माझं” या युगात फार अवघड. बाबांचे बिस्कीट माझे, आईचा चष्मा माझा, शेजाऱ्यांचे मांजरही माझेच. चौथ्या शिलाचे तर काय सांगावे! ओठांभोवती चॉकलेटची महिरप असताना “नाही खाल्लं” असे ती अत्यंत गंभीरपणे सांगते.

मग नागपूरच्या आजींचा व्हिडिओ कॉल. हिवाळ्यात इथे संध्याकाळचे सहा वाजतात तेव्हा तिकडे रात्रीचे साडेअकरा झालेले असतात. नातीच्या तोंडून एक ‘जय भीम’ ऐकण्यासाठी आजी जाग्या राहतात. नात फोनला वरणभाताचा घास भरविते, पडद्यावर वरणाचा ओघळ उतरतो आणि पलीकडून आजी तोंडाचा आ करून “आणखी दे गं माझे माय” म्हणतात. ‘दय भीम’ सर्वांत शेवटी, झोपेने डोळे जड झाल्यावर येतो. तेवढ्यावर आजी तृप्त होऊन निजतात.

भिंतीवर बाबासाहेबांची तसबीर आहे. घरात एक ‘बाबा’ आणि भिंतीवर एक, हा गोंधळ तिने चष्म्यावरून सोडविला आहे: चष्मा असलेले ते भिंतीवरचे. कधी ती त्यांच्यापुढे अर्धे बिस्कीट धरते. अशा वेळी आमचे हसू किंचित थांबते. याच शहरात, किंग हेन्रीज रोडवरील १० क्रमांकाच्या घरात, १९२१-२२ या काळात बाबासाहेब राहिले. ते इथे अभ्यासात बुडालेले आणि रमाई मुंबईत दारिद्र्याशी झुंजत संसार रेटत होत्या. त्यांच्या पाच अपत्यांपैकी एकटे यशवंतराव जगले. धाकटा राजरत्न १९२६ मध्ये गेला. लेकराने मांडलेल्या पसाऱ्यावर हसण्याइतकी स्वस्थ संध्याकाळ त्या दोघांच्या वाट्याला कितीशी आली असेल? आमच्या वाट्याला ती रोज येते. तिच्या मागे कोणाचे जागरण आहे, याचे भान आम्हांला ठेवायला हवे.

म्हणूनच वंदनेच्या वेळी लेकीवर डोळे वटारायचे नाहीत, असे आम्ही ठरविले आहे. घरात ऐकू येणारी पाली आणि मराठी तिला शिक्षेसारखी वाटली, तर मोठेपणी ती त्यांच्याकडे पाठ फिरवील, आणि या देशात पाठ फिरविणे फार सोपे आहे. १९५६ साली नागपुरात आपल्या आजीआजोबांनी धम्म स्वीकारला तो जाणून, समजून. आपली मुलेही उद्या ‘का?’ म्हणून विचारतील, आणि त्यांनी ते विचारलेच पाहिजे. तोपर्यंत त्यांना एवढेच आठवावे, की वंदनेची वेळ ही घरातली सर्वांत आनंदाची वेळ होती. ‘गच्छामि’ शब्द तर तोंडी बसला आहे. कुठे जायचे, हे त्यांना हळूहळू कळेल.

जय भीम! नमो बुद्धाय!