झिजलेले पॅड काय सांगतात

हंगामात नारायणगावच्या टोमॅटो बाजारासमोर पिकअपची रांग लागते. क्रेटवर क्रेट रचलेले, मागचे पाटे दबलेले, ड्रायव्हर टपरीवर. मी त्या रांगेच्या कडेने चालत जातो आणि पुढच्या चाकांच्या भोकांतून आत डोकावतो. डिस्क दिसते, कॅलिपरची पाठ दिसते, आणि उजेड बरा असेल तर बाहेरच्या पॅडची जाडीही दिसते. नव्या पॅडवर घर्षणाचा थर साधारण १० ते १२ मिलिमीटरचा असतो. ३ वर आला की पॅड बदलायचा. रांगेत असे पॅड असतात की त्यांच्यावर पोस्टकार्डाएवढाही थर उरलेला नसतो, आणि तीच गाडी घाट उतरून वाशीला जायची असते.

या लेखाचा विषय पुढचे पॅड घरच्या घरी बदलणे हा आहे. बोलेरो पिकअप असो, योद्धा असो की दोस्त, पुढे डिस्क आणि मागे ड्रम हीच रचना. पुढचं काम अंगणात होण्यासारखं आहे आणि पिकअपवाल्या प्रत्येक घरात एकाला तरी ते यावं, असं माझं ठाम मत आहे. त्यात गॅरेजचे पैसे वाचतात, पण तो मुद्दा दुय्यम. स्वतः चाक उतरवणारा माणूस जुने पॅड हातात घेऊन बघतो. गॅरेजमध्ये ते भंगाराच्या डब्यात जातात आणि गाडीची अर्धी कुंडली त्यांच्याबरोबर जाते.

आधी उष्णतेचं बोलू. माल धरून ३ टनांची गाडी ताशी ६० किलोमीटर वेगावरून थांबवायची म्हणजे चार लाखांहून अधिक ज्यूल ऊर्जा जिरवायची. लिटरभर पाणी उकळीला आणायला याहून कमी पुरते. आता कसारा घाट घ्या. इगतपुरीपासून कसाऱ्यापर्यंत सुमारे ३०० मीटरची उतरण आहे. तीच गाडी नुसत्या ब्रेकवर खाली आणली तर २५ लिटरहून अधिक पाणी उकळेल एवढी उष्णता चार चाकांत तयार होते, आणि ब्रेक लागताना वजन पुढे झुकत असल्याने तिचा मोठा वाटा पुढच्या दोन डिस्कवर पडतो. म्हणून जुने ड्रायव्हर सांगतात, ज्या गिअरवर चढलास त्याच गिअरवर उतर. न्यूट्रलमध्ये गाडी सोडून डिझेल वाचवणारे लोक इंजिनाची सगळी मदत फेकून देतात. त्यात इंजिनही बंद केलं तर बूस्टरचा व्हॅक्यूम दोनतीन दाबांत संपतो आणि पेडल दगडासारखं होतं.

इतिहास थोडक्यात. इंग्लंडच्या फ्रेडरिक लँचेस्टरने १९०२ मध्ये डिस्क ब्रेकचं पेटंट घेतलं. त्याचे पॅड धातूचे, त्यामुळे आवाज असह्य होता. हर्बर्ट फ्रूडने पुढे अ‍ॅस्बेस्टॉसची लायनिंग आणली. त्याच्याच आडनावाच्या अक्षरांवरून त्याच्या कंपनीचं फेरोडो हे नाव झालं. १९५३ मध्ये डिस्क ब्रेक लावलेल्या जग्वारने ल माँची शर्यत जिंकली आणि मग हळूहळू ते साध्या गाड्यांत आले. एवढं पुरे.

मला खरं वेड लावलं ते कॅलिपरमधल्या एका रबरी कडीने. घोटीजवळच्या एका गॅरेजात एका वयस्कर मिस्त्रींनी कॅलिपर उघडून ती माझ्या तळहातावर ठेवली आणि म्हणाले, “सर, सगळी करामत हिची. बाकी नुसतं लोखंड.” कडीला बोटांनी चाचपलं तर कळतं की तिचा छेद गोल नाही, चौकोनी आहे. सिलेंडरच्या आतल्या खाचेत ती बसते आणि पिस्टनला चहूबाजूंनी धरून ठेवते. ब्रेक ऑइल बाहेर येऊ न देणं हे तिचं दिसणारं काम. न दिसणारं काम जास्त सुंदर आहे. पेडल दाबलं की ऑइल पिस्टनला पुढे ढकलतं. कडी पिस्टनला इतकी घट्ट चिकटलेली असते की ती त्याच्याबरोबर ओढली जाते आणि तिची आतली कड वाकते. पाय उचलला की दाब जातो, वाकलेलं रबर पूर्ववत होतं आणि जाताना पिस्टनला मागे घेऊन जातं. किती मागे? मिलिमीटरचा एखादा अंश. पॅड डिस्कवर घासू नये एवढ्यासाठी तेवढं पुरतं. तिथे स्प्रिंग नाही, लिव्हर नाही.

आणि पॅड झिजत गेला की? पिस्टनला दर वेळी थोडं जास्त पुढे जावं लागतं. कडी वाकून वाकून जिथे थांबते, त्यापुढचं अंतर पिस्टन तिच्यातून सरकून पार करतो आणि परतताना नव्या जागी राहतो. डिस्क ब्रेक कधी ‘अ‍ॅडजस्ट’ करावे लागत नाहीत ते यामुळेच. आता यातूनच दुसरी गोष्ट निघते. पिस्टन पुढे सरकत राहिला की त्याच्यामागची जागा ऑइलने भरते, म्हणून वरच्या ऑइलच्या डबीतली पातळी हळूहळू उतरते. गळती नसताना पातळी उतरली, तर पहिला संशय पॅडवर घ्यायचा. पुष्कळ लोक वरून ऑइल ओततात आणि निश्चिंत होतात. मग पॅड बदलताना पिस्टन मागे ढकलला की ते जादा ऑइल डबीतून वाहतं आणि बॉनेटखालचा रंग खातं.

आता अंगणात येऊ. जमीन सपाट आणि कडक हवी. हँडब्रेक ओढा, मागच्या चाकांना दोन्ही बाजूंनी दगड लावा. चाकाचे नट गाडी जमिनीवर असतानाच थोडे सैल करा, मग जॅक चढवा. नुसत्या जॅकवर उभ्या गाडीखाली हातसुद्धा घालायचा नाही. चासीखाली लोखंडी घोडी लावा, गाडी तिच्यावर टेकवा आणि हलवून बघा. विटा रचून काम करणारे मी पाहिले आहेत. वीट सूचना न देता फुटते. चाक निघालं की समोरचा भाग फुंकू नका आणि हवेच्या नळीने उडवूही नका. ब्रेकची धूळ छातीत जायला नको, आणि अ‍ॅस्बेस्टॉसवर आपल्याकडे सरसकट बंदी नसल्याने पॅडमध्ये काय आहे याची खात्री नसते. तोंडाला मास्क बांधा, ब्रेक क्लीनर मारा, ओल्या फडक्याने पुसा.

बहुतेक पिकअपमध्ये कॅलिपर दोन पिनांवर सरकतो. खालचा बोल्ट काढला की तो वर उचलता येतो. काही मॉडेलांत दोन्ही काढावे लागतात. पूर्ण सुटला तर त्याला तारेने वर बांधा. रबरी होजवर लोंबकळत ठेवला तर होज आतून चिरतो आणि ते बाहेरून दिसत नाही. या वेळी कुणीही, विशेषतः गाडीत चढलेल्या पोरांनी, पेडल दाबायचं नाही. पिस्टन बाहेर येईल आणि सोप्या कामाचं मोठं काम होईल.

इथे थांबा. जुने पॅड काढा आणि ओळीने जमिनीवर मांडा: डावीकडचा आतला, डावीकडचा बाहेरचा, मग उजवीकडचे. मला या कामातला हा क्षण सर्वांत आवडतो. आत-बाहेर सारखे झिजले असतील तर सगळं ठीक आहे. आतला जास्त झिजला असेल तर पिना जाम आहेत किंवा पिस्टन परत येत नाही. पॅड एका टोकाला जाड आणि दुसऱ्या टोकाला पातळ असेल तर कॅलिपर तिरका बसतोय. पुन्हा पिना बघा. थर काचेसारखा चकचकीत असेल तर ब्रेक घाटात फार तापले आहेत. एका चाकाचे पॅड संपले आणि दुसऱ्याचे शिल्लक असतील तर एक कॅलिपर अडकतोय किंवा दुसरा कामच करत नाही. यातलं काहीही दुरुस्त न करता नवे पॅड टाकले तर तेही त्याच रस्त्याने जातात.

चारही पॅड सारखे पण फार लवकर झिजले असतील तर मी सरळ मागे जातो आणि पाटे मोजतो. बऱ्याच पिकअपमध्ये मागच्या अ‍ॅक्सलजवळ एक व्हॉल्व्ह असतो. मिस्त्री त्याला एलएसपीव्ही म्हणतात. त्याची दांडी अ‍ॅक्सलला जोडलेली असते. माल भरला, पाटे दबले, चासी खाली आली की दांडी फिरते आणि व्हॉल्व्ह मागच्या ब्रेकला जास्त दाब देतो. गाडी रिकामी असताना मागचं चाक घासत जाऊ नये म्हणून दाब कमी ठेवतो. आता जास्त माल बसावा म्हणून कुणी पाटे वाढवले, तर भरलेली गाडीही दबत नाही. व्हॉल्व्हला ती रिकामीच वाटते. मागचे ब्रेक हात आखडता घेतात आणि सगळा भार पुढच्या पॅडवर येतो. आमच्या भागात पाटे वाढवणं इतकं सर्रास आहे की पॅड लवकर का जातात, हा प्रश्न मला वरचेवर विचारला जातो, आणि उत्तर गाडीच्या पुढे नसून मागे असतं. पाटे वाढवायचेच नाहीत हे माझं पहिलं उत्तर. वाढवलेले असतील तर व्हॉल्व्हची दांडी कंपनीच्या मापाने तपासून घ्या.

डिस्कवर बोट फिरवा. काठाला उंच कड किंवा पृष्ठभागावर खोल चरे असतील तर जाडी मोजा. किमान जाडी बहुतेक वेळा डिस्कवरच कोरलेली असते. मग पिना बाहेर ओढा, जुनं वाळलेलं ग्रीस पुसा आणि ब्रेकसाठीचं, उष्णता सोसणारं ग्रीस पातळ लावा. चाकाच्या बेअरिंगचं साधं ग्रीस इथे चालत नाही. ते तापून वितळतं आणि रबर फुगवतं. पिन बोटाने ढकलली की सरकली पाहिजे. या दोन पिनांना दिलेली दहा मिनिटं नव्या पॅडच्या आयुष्यात परत मिळतात.

डबीचं झाकण उघडून थोडं ऑइल सिरिंजने काढून घ्या. जुना पॅड पिस्टनवर धरा आणि सी-क्लॅम्पने सावकाश दाबा. पिस्टन एकसारखा मागे गेला पाहिजे. अडकत असेल किंवा त्याचा रबरी बूट फाटला असेल तर काम इथेच थांबवा आणि कॅलिपर मिस्त्रीकडे न्या. नवे पॅड दोन्ही बाजूंना एकदम टाका, एकाच बाजूला कधीही नाही. हाताचं ग्रीस थराला लागू देऊ नका. पॅड चांगल्या दुकानातून, सीलबंद डब्यात घ्या. मला एकदा हुबेहूब डब्यात नकली पॅड मिळाले होते. थर पत्र्यावरून नखाने उचलला जात होता.

चाक लावलं, नट समोरासमोरच्या क्रमाने आवळले, गाडी खाली घेतली, तरी निघायचं नाही. आधी पेडल घट्ट होईपर्यंत दाबत राहा. पिस्टन मागे गेलेला असल्याने पहिले काही दाब पोकळ जातात, आणि ते रस्त्यावर जायला नकोत. डबीतली पातळी बघा. ऑइल काळं पडलं असेल किंवा दोन वर्षं झाली असतील तर ते बदला आणि एअर काढा. ब्रेक ऑइल हवेतली ओल शोषतं. नवं डॉट ३ किमान २०५ अंशांना उकळतं, ओल शिरल्यावर हाच आकडा १४० पर्यंत येऊ शकतो. घाटात ऑइल उकळलं की नळीत वाफ होते, आणि वाफ दाबली जाते, ब्रेक दाबत नाही.

नवे पॅड डिस्कवर बसायला वेळ घेतात. मोकळ्या रस्त्यावर, रिकाम्या गाडीने, ५० च्या वेगावरून १५ पर्यंत मध्यम दाबाने आणा. असं आठदहा वेळा करा, मध्ये गार होऊ द्या, आणि या काळात गाडी ब्रेक दाबून उभी करू नका. शंभरेक किलोमीटरनंतर चाकाचे नट पुन्हा आवळा. पहिला भरलेला फेरा त्यानंतरचा, आणि तोही शक्यतो सपाटीवरचा.