दोन दिवसांचा फेरा : हिंगोली, औंढा, वसमत, नांदेड

हिंगोलीहून निघून नर्सी आणि औंढा पाहायचे, वसमतमार्गे नांदेड गाठून तिथे मुक्काम करायचा आणि दुसऱ्या दिवशी रेल्वेने परतायचे, हा फेरा कॉलेजच्या वयातल्या मुलामुलींच्या खिशाला झेपणारा आहे. अंतर सगळे मिळून दोनशे किलोमीटरांच्या आसपास. गेलो त्याच रस्त्याने परत येण्यापेक्षा असा गोल फेरा केव्हाही बरा. खर्च तेवढाच होतो आणि परतीच्या वाटेवरही काही नवे दिसते.

स्वस्त प्रवासाची पहिली गरज म्हणजे एसटी. महिलांना १७ मार्च २०२३ पासून एसटीत निम्मे तिकीट आहे, त्यामुळे चार मैत्रिणींचा प्रवासखर्च दोघांच्या तिकिटात बसतो. लांबचा बेत असेल तर महामंडळाचा ‘आवडेल तेथे प्रवास’ हा चार किंवा सात दिवसांचा पास मिळतो. दोन दिवसांसाठी तो काढण्यात अर्थ नाही. जिथे एसटीची वेळ जमत नाही तिथे काळीपिवळी आणि ऑटो आहेतच, मात्र त्यांचे भाडे बसण्याआधी ठरवावे. एक गोष्ट सहसा सांगितली जात नाही. एसटीची पहिली गाडी पुणे–अहमदनगर मार्गावर १ जून १९४८ रोजी धावली, पण मराठवाडा ज्या निजाम संस्थानात होता तिथे सरकारी बससेवा १९३२ सालीच सुरू झाली होती. सरकारी मोटारीच्या बाबतीत तरी मराठवाडा मागास नव्हता.

हिंगोली शहराला सकाळचे दोन तास पुरतात. परभणी जिल्ह्यातून वेगळा होऊन हिंगोली जिल्हा १ मे १९९९ रोजी झाला. हिंगोली, कळमनुरी, सेनगाव, औंढा नागनाथ आणि वसमत हे त्याचे पाच तालुके. निजामाच्या काळात इथे हैदराबाद कंटिंजंटची छावणी होती. दीडशेहून अधिक वर्षांची परंपरा असलेला खाकीबाबा मठाचा दसरा आणि रामलीला मैदानावरचे प्रदर्शन ही शहराची मुख्य ओळख. अनंत चतुर्दशीला चिंतामणी गणपतीच्या मोदकासाठी लांबलांबून माणसे येतात. या सणांच्या दिवसांत शहर पाहायला मिळत नाही, फक्त गर्दी पाहायला मिळते. एरवी स्टँडजवळ गरम सुशीला (भिजवलेल्या मुरमुऱ्यांचा पदार्थ) आणि मिरचीची भजी खाऊन पुढची गाडी धरावी.

नर्सी नामदेव हे कयाधू नदीकाठचे गाव हिंगोलीपासून सतरा-अठरा किलोमीटरांवर आहे. संत नामदेवांचा जन्म १२७० सालचा. जन्मस्थानाबद्दल वेगवेगळी मते असली तरी परंपरेने मान नर्सीला दिला आहे. गुरू ग्रंथ साहिबात नामदेवांची ६१ पदे असल्यामुळे इथे वारकऱ्यांच्या दिंड्यांबरोबर पंजाबचे शीख यात्रेकरूही येतात. देवळाच्या पायरीवर टाळकरी आणि पगडीवाले शेजारी शेजारी टेकलेले दिसतात, ते नर्सीतच. पंजाबातले घुमान हे गाव नामदेवांच्या तिथल्या वास्तव्यामुळे ओळखले जाते. २०१५ साली ८८वे अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलन डॉ. सदानंद मोरे यांच्या अध्यक्षतेखाली तिथे भरले. नर्सी आणि नांदेड एकाच फेऱ्यात घेण्याचे खरे कारण हेच. नांदेडला शिखांचे हजूर साहिब आहे, त्यामुळे दोन्ही गावांना जोडणारा धागा थेट पंजाबपर्यंत जातो. नर्सीहून औंढ्याची थेट गाडी मिळाली तर उत्तम, नाहीतर हिंगोलीला मागे येऊन औंढ्याची धरावी लागते.

औंढ्याला मात्र निम्मा दिवस राखून ठेवावा. बहुतेक मंडळी इथे रांगेत उभी राहतात, दर्शन घेतात, प्रसाद घेतात, फोटो काढतात आणि पुढच्या गाडीसाठी पळतात. ज्या भिंतींसाठी औंढ्याला यायचे त्या तशाच बाजूला राहतात.

महाराष्ट्रात पाच ज्योतिर्लिंगे मानतात : त्र्यंबकेश्वर, भीमाशंकर, घृष्णेश्वर, परळी आणि औंढा. यांपैकी औंढ्याचा मान वादातला आहे. बारा ज्योतिर्लिंगांतला नागेश दारुकावनात आहे असे परंपरा सांगते, आणि हे दारुकावन गुजरातेत द्वारकेजवळ, उत्तराखंडात जागेश्वरला आणि मराठवाड्यात औंढ्याला अशा तिन्ही ठिकाणी दाखवतात. भाविकांनी त्यातून आपापला निर्णय केलेला आहे. शिल्पासाठी आलेल्याला या वादाशी कर्तव्य नाही. औंढ्याचे जुने नाव आमर्दक. हे शैवांचे मोठे पीठ होते.

देऊळ मूळचे यादवकालीन. धर्मराजाने ते बांधले अशी लोककथा आहे, पण खालच्या दगडकामावर यादवकाळाचा हात स्पष्ट ओळखू येतो. आवार सुमारे ६०,००० चौरस फुटांचे, मुख्य देवळाने व्यापलेली जागा सुमारे ७,२०० चौरस फुटांची, उंची ६० फूट. खालचा भाग काळ्या दगडाचा आणि वरचे शिखर नंतरच्या काळातले, पांढऱ्या रंगाचे. जीर्णोद्धाराचे श्रेय अहिल्याबाई होळकरांना दिले जाते. काळे आणि पांढरे जिथे भेटतात ती रेघ लांबूनही दिसते. देवळाचे मोडणे आणि पुन्हा उभे राहणे वाचायला वेगळा शिलालेख लागत नाही, ही रेघ पुरते.

अशा देवळांना सरसकट हेमाडपंती म्हणतात. हेमाद्री तथा हेमाडपंत हा तेराव्या शतकात महादेव आणि रामचंद्र या यादव राजांचा मंत्री होता. चुना न वापरता, दगडाला दगडाची खाच बसवून बांधायची पद्धत त्याच्या नावावर रूढ झाली. पण या धाटणीची देवळे त्याच्या पुष्कळ आधीची आहेत. अंबरनाथच्या शिवमंदिरातला लेख १०६० सालचा आहे, म्हणजे हेमाडपंताच्या जन्माच्याही फार आधीचा. बांधणारे अनाम राहिले आणि नाव कारभाऱ्याचे लागले. असे इतिहासात अनेकदा झालेले आहे.

भिंत वाचायची ती खालून वर. देऊळ ज्यावर उभे असते ते जोते म्हणजे अधिष्ठान. त्यावर नक्षीचे आडवे थर येतात आणि त्यांत हत्तींची ओळ असते, तिला गजथर म्हणतात. सगळ्या देवळाचे ओझे हत्ती पाठीवर पेलतात ही कल्पना. त्यावरची उभी भिंत म्हणजे जंघा, आणि पाहण्यासारखी मुख्य शिल्पे तिच्यावर. औंढ्याची भिंत सरळ जात नाही. ती सतत आत-बाहेर कोन करत वळते, म्हणून दर दोन पावलांवर नवी कड समोर येते आणि उन्हाचा कोन बदलला की मागच्या मूर्ती सावलीत जाऊन पुढच्या उजळतात. पोहोचताच एक फेरी आणि उन्हे उतरताना दुसरी, अशा दोन प्रदक्षिणा घातल्या तर एकच भिंत दोन वेगळ्या भिंतींसारखी दिसते. मधल्या वेळात दगड इतका तापतो की पायात मोजे असलेले बरे.

या भिंतीवर विष्णूचे अवतार आहेत, नटराज आहे, अर्धनारीश्वर आहे. कैलास उचलू पाहणारा रावण आहे. हा प्रसंग वेरूळच्या कैलास लेण्यात भव्य आकारात कोरलेला आहे, तो इथे हातभर जागेत बसवला आहे. वेरूळला मान वर करून पाहावे लागते, औंढ्याला नजरेसमोर. सगळ्यांत मजेचे शिल्प एका कोपऱ्यात सापडते : पार्वती रुसली आहे आणि शंकर तिची समजूत काढतो आहे. तांडव करणारा आणि कैलासाखाली रावणाला दाबून धरणारा देव त्याच भिंतीवर बायकोपुढे नमते घेतो. पाथरवटाला हे सुचले, आणि सुचलेले कोरू देणारा यजमान त्याला मिळाला, याचे नवल वाटत राहते. पुष्कळ मूर्तींचे चेहरे आणि हात तुटलेले आहेत, तरी वळणावरून मुद्रा ओळखता येते.

आत गाभारा जमिनीखाली आहे. सभामंडपातून अरुंद पायऱ्या उतरत, अंग चोरून आणि वाकून खाली जायचे. एका वेळी थोडीच माणसे मावतात. कोंडल्यासारखे वाटणाऱ्यांनी बाहेरूनच नमस्कार केलेला बरा, देव रागावत नाही.

औंढ्याच्या दोन कथा प्रसिद्ध आहेत आणि दोन्ही दिशेच्या आहेत. गोरोबाकाकांनी थापटून पाहिल्यावर नामदेवांचे मडके कच्चे ठरले, तेव्हा ते गुरूच्या शोधात औंढ्याला आले. इथे विसोबा खेचर पिंडीवर पाय टाकून निजलेले. नामदेव चिडले तेव्हा विसोबा म्हणाले, जिथे पिंडी नाही तिथे माझे पाय ठेव. पाय उचलून ठेवावेत तिथे पिंडी उभी. दुसरी कथा कीर्तनाची. नामदेवांना देवळासमोरून उठवले, ते मागे जाऊन गाऊ लागले आणि देऊळच त्यांच्याकडे फिरले. नंदी देवळाच्या मागच्या अंगाला आहे याचा खुलासा लोक याच कथेने करतात. पहिल्या कथेत देव सगळ्या दिशांना आहे, दुसरीत तो गाणाऱ्याच्या दिशेला वळतो. वास्तुशास्त्राचा विद्यार्थी नंदीच्या जागेचे वेगळे कारण शोधील. त्याने शोधावेच, पण आवारात बसून ही कथा ऐकल्यावर कागदावरचा नकाशा जरा बेचव लागतो.

महाशिवरात्रीच्या यात्रेत आणि श्रावणी सोमवारी इथे पाय ठेवायला जागा नसते. भिंती पाहायच्या तर साधा मंगळवार-बुधवार निवडावा. पॅरिसच्या लूव्र संग्रहालयात युरोपीय संघातल्या २६ वर्षांखालच्या रहिवाशांना प्रवेश फुकट असतो. औंढ्याच्या भिंतींना वयाची अट नाही आणि तिकीटही नाही.

औंढ्याजवळ दुधाळा शिवारात लायगो-इंडिया हा प्रकल्प उभा राहतो आहे. प्रत्येकी चार किलोमीटर लांबीच्या, एकमेकींशी काटकोनात असलेल्या दोन भुजांतून लेसरचा प्रकाश पाठवून गुरुत्वीय लहरी टिपायच्या आहेत. केंद्राची तत्त्वतः मंजुरी २०१६ सालची, सुमारे २,६०० कोटी रुपयांची अंतिम मंजुरी एप्रिल २०२३ ची. अणूच्या गाभ्याहूनही लहान हालचाल मोजायची असल्याने रहदारीपासून दूर, शांत जमीन लागते. ही प्रेक्षणीय जागा नव्हे आणि फेऱ्यात ती धरू नये. पण विज्ञान शाखेच्या मुलांना औंढ्याच्या रस्त्यावरून जाताना हे ठाऊक असावे.

औंढ्याहून वसमतच्या वाटेवर शिरड शहापूर लागते. तिथले मल्लिनाथांचे दिगंबर जैन मंदिर वेळ असेल तर पाहावे. वसमत म्हणजे हळद. २०२४ साली वसमत हळदीला भौगोलिक मानांकन मिळाले. थंडी सरताना हळद काढली जाते, मग ती शिजवतात, उन्हात वाळवतात, ढोलात घालून घासतात आणि उन्हाळ्यात बाजार भरतो. त्या दिवसांत आले तर मोंढ्यात पिवळे ढीग, पिवळी धूळ आणि पिवळे झालेले हमाल दिसतात. दिवाळीत आले तर शेतात फक्त हिरवीगार पाने असतात. घरी न्यायला इथली हळकुंडे घ्यावीत. वजनाला हलकी, आणि आईला आवडतील याची खात्री.

मुक्काम नांदेडला. कमी खर्चाच्या प्रवासात भाड्यापेक्षा मुक्काम महाग पडतो, हा प्रश्न जगभरातला. जर्मनीतल्या रिखार्ड शिरमान या शिक्षकाला १९०९ साली त्याचे उत्तर सुचले. मुलांना घेऊन पायी सहलीला निघालेला असताना वादळाने गाठले आणि सगळ्यांनी एका गावच्या शाळेत रात्र काढली. सुटीत शाळा ओस असतात, मग त्यांत मुलांना का झोपू देऊ नये, असा विचार त्याने केला. १९१२ साली आल्टेना किल्ल्यात पहिले कायमचे युवा वसतिगृह निघाले आणि ती कल्पना फ्रान्ससह युरोपभर पसरली. आपल्याकडे धर्मशाळा, मठ, भक्तनिवास आणि सराया हे काम कितीतरी आधीपासून करत आलेल्या आहेत. फक्त त्यांना कुणी चळवळ म्हटले नाही.

नांदेडला सचखंड श्री हजूर साहिब आहे. गुरू गोविंदसिंगांनी ७ ऑक्टोबर १७०८ रोजी इथे देह ठेवला. आजचे गुरुद्वारा महाराजा रणजितसिंगांनी १८३२ ते १८३७ या काळात बांधवले. परिसरात यात्री निवास आहेत आणि त्यांचे दर हॉटेलांपेक्षा कितीतरी कमी असतात. खोली देताना ओळखपत्र मागतात, ते प्रत्येकाचे बरोबर हवे. लंगरमध्ये पोटभर जेवण मिळते आणि पैसे कुणी विचारत नाही. जेवून झाल्यावर भांडी घासायला किंवा पोळ्या लाटायला अर्धा तास बसावे, तिथे सगळेच तसे करतात. डोके झाकलेले असावे, जोडे-चपला बाहेर ठेवाव्यात, तंबाखू किंवा बिडी खिशातही नसावी.

दिवाळीच्या आधी इथे तख्तस्नान होते. गोदावरीचे पाणी आणून तख्त धुतात आणि गुरूंची शस्त्रे उजळतात. दिवाळीच्या सुटीचा बेत असेल तर तारीख आधी विचारून घ्यावी, हा सोहळा चुकवण्यासारखा नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी नगिना घाट, बंदा घाट आणि नदीकाठचा नंदगिरी किल्ला पायी पाहून होतो.

परतीला नांदेडहून पूर्णामार्गे हिंगोलीची रेल्वे घ्यावी. पूर्णा–अकोला ही वाट २००८ पर्यंत मीटरगेज होती. काचीगुडा–जयपूर मीनाक्षी एक्स्प्रेस याच अरुंद रुळांवरून मराठवाडा, वऱ्हाड आणि माळवा ओलांडून राजस्थानात जात असे. आता मोठ्या रुळांवरच्या गाड्या वसमत, बोल्डा, नांदापूर मागे टाकत जातात. साधे, बिनआरक्षणाचे तिकीट पुरते, मात्र दिवसातल्या गाड्या मोजक्याच असल्याने वेळ आदल्या रात्री पाहून ठेवावी. उतरायचे स्थानक फलकावर ‘हिंगोली डेक्कन’ असे लिहिलेले असते.