ऊसतोड महिलांचे आरोग्य : कायद्याने हक्क दिला, उचलीने अडवला

अहिल्यानगर जिल्ह्यातील पाथर्डी हा दुष्काळी तालुका आणि तिसगाव ही त्यातली एक बाजारपेठ. पावसाळा सरला की या भागातल्या वाड्या-वस्त्यांवरून आणि शेजारच्या बीड जिल्ह्यातून भूमिहीन, अल्पभूधारक कुटुंबे ऊसतोडीला बाहेर पडतात. पुढचे पाच-सहा महिने त्यांचा संसार फडाजवळच्या पालात असतो. यात वंजारी, भटके-विमुक्त आहेत, तसे आपले बौद्ध बांधवही आहेत. या स्थलांतराची सर्वात मोठी किंमत बाईचे शरीर मोजते.

तोडीच्या व्यवहारात नवरा-बायको मिळून 'एक कोयता' धरला जातो. मुकादम हंगामाआधी कोयत्याला उचल देतो आणि ती काम करून फेडायची असते. एक दिवस खाडा झाला तर मजुरी बुडते, वर दंडही कापला जातो. मग पाळीचा त्रास असो, गरोदरपण असो की बाळंतपण, या हिशेबात तो खाडाच ठरतो. फडावर शौचालय नाही, धुण्यापुरते पाणी नाही, डोक्यावर मोळ्यांचे ओझे. अंगावरून पांढरे जाणे, पोटात दुखणे सुरू होते. बाई ते अंगावर काढते आणि अगदीच असह्य झाल्यावर खासगी दवाखाना गाठते. तिथे "पिशवी काढून टाका, नाहीतर कॅन्सर होईल" अशी भीती घातल्याचे अनेक महिलांनी सांगितले आहे.

बीड जिल्ह्यात तीन वर्षांत ४,६०५ महिलांची गर्भाशये काढली गेली, असे जून २०१९ मध्ये तत्कालीन आरोग्यमंत्र्यांनी विधान परिषदेत सांगितले. त्यानंतर डॉ. नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली गेली. सुमारे ८२ हजार ऊसतोड महिलांच्या सर्वेक्षणात १३ हजारांहून अधिक जणींचे गर्भाशय काढलेले आढळले. त्यांत चाळिशी न गाठलेल्याही अनेक होत्या.

यातल्या बऱ्याच तक्रारी औषधाने बऱ्या होऊ शकतात. गर्भाशयाबरोबर अंडाशयही काढले तर ऐन तारुण्यात पाळी जाण्याचे परिणाम भोगावे लागतात, हाडे ठिसूळ होतात. शस्त्रक्रियेचा खर्च बहुधा कर्जाचा किंवा नव्या उचलीचा. म्हणजे खाडा टाळण्यासाठी केलेले ऑपरेशन पुन्हा त्याच फडावर नेऊन सोडते.

हा प्रश्न बाबासाहेबांनी फार आधी ओळखला होता. १९२८ मध्ये मुंबई विधिमंडळात त्यांनी गिरणी-कारखान्यांतील स्त्रियांच्या प्रसूती-लाभ विधेयकाचे समर्थन केले आणि १९२९ मध्ये तो कायदा झाला. १० नोव्हेंबर १९३८ रोजी त्यांच्या स्वतंत्र मजूर पक्षाने संततिनियमनाचा ठराव मांडला. मांडणारे होते आपल्याच नगर जिल्ह्याचे आमदार पी. जे. रोहम. वारंवारच्या बाळंतपणाने स्त्री खचते आणि दारिद्र्य वाढते, म्हणून संततिनियमनाची साधने सरकारने लोकांपर्यंत पोहोचवावीत, ही भूमिका होती. सभागृहाने ठराव फेटाळला.

आज कायदा आणि योजना दोन्ही आहेत. त्या माहीत असणे गरजेचे आहे :

• सरकारी रुग्णालयात प्रसूती, सिझेरियनसुद्धा, मोफत आहे. १५ ऑगस्ट २०२३ पासून राज्याच्या सार्वजनिक आरोग्य विभागाच्या रुग्णालयांत इतर उपचारही निःशुल्क आहेत. नेण्यासाठी १०२ किंवा १०८ ला फोन करावा.

• तांबी, तीन महिन्यांचे 'अंतरा' इंजेक्शन, 'छाया' गोळ्या सरकारी केंद्रांत मोफत मिळतात.

• कायद्याच्या अटींत २० आठवड्यांपर्यंतचा गर्भपात एका डॉक्टरच्या मताने, तर ठरावीक प्रवर्गांतील स्त्रियांना २४ आठवड्यांपर्यंत दोन डॉक्टरांच्या मताने करता येतो. सज्ञान स्त्रीची स्वतःची संमती पुरते, नवऱ्याची सही लागत नाही.

• पिशवी काढण्याचा सल्ला मिळाला, तर आधी सरकारी रुग्णालयात दुसरे मत घ्यावे.

मात्र माहिती झाली म्हणून खाडा माफ होत नाही. कारखाना म्हणतो मजूर मुकादमाचे, मुकादम म्हणतो मी फक्त मध्यस्थ. मालक कोण हेच ठरत नसल्याने १९२९ मध्ये गिरणीतल्या बाईला जे मिळाले, ते फडावरच्या बाईला आजही मिळत नाही. म्हणून बाळंतपणाची आणि आजारपणाची भरपगारी रजा कारखान्याने द्यावी, दंडाची पद्धत बंद व्हावी, ही मागणी आपल्या संघटनांनी लावून धरली पाहिजे.

तोवर एक काम प्रत्येक विहाराला आणि महिला मंडळाला करता येईल. टोळ्या निघण्याआधी, वर्षावासाच्या शेवटच्या आठवड्यांत, आशाताई आणि परिचारिकेला बोलावून वस्तीतल्या प्रत्येक बाईची तपासणी करून घ्यावी. गरोदर बाईचे माता-बाल संरक्षण कार्ड तिच्यासोबत जाते आहे ना, हे पाहावे. ती ज्या कारखान्यावर जाणार आहे, तिथल्या जवळच्या आरोग्य केंद्राचे नाव तिला निघतानाच माहीत असले पाहिजे.