किण्वित पेयांच्या बाटल्यांतील अतिरिक्त वायुदाब : कारणमीमांसा व उपाय

प्रस्तावना :

हार्बर मार्गावरील रे रोड स्थानकाच्या पूर्वेस, बंदराच्या अंगाला दारूखाना हा परिसर आहे. जुनी जहाजे तोडण्याचा व्यवसाय आणि लोखंडाचा बाजार यांमुळे तो ओळखला गेला. नावावरून नवख्यास मद्याचा संशय येतो. परंतु येथील 'दारू' ही बंदुकीची दारू होय. स्फोटक आणि मादक अशा दोन्ही पदार्थांना मराठीत एकच शब्द आहे. घरी तयार केलेल्या बिअरची बंद बाटली फुटते, तेव्हा या शब्दाचे दोन्ही अर्थ एकाच वेळी खरे ठरतात. असे का घडते, याचे विवेचन प्रस्तुत लेखात केले आहे.

येथे एक बाब आरंभीच स्पष्ट केली पाहिजे. १९४९ च्या मुंबई (आता महाराष्ट्र) दारूबंदी अधिनियमाच्या कलम १२ अन्वये परवान्याविना मद्यनिर्मितीस मनाई आहे. ब्रिटनमध्ये घरगुती बिअरवरील परवान्याची अट १९६३ मध्ये रद्द झाली, तर अमेरिकेत १९७८ च्या कायद्याने या छंदास संघराज्य पातळीवर मुभा मिळाली. तेथे स्थायिक झालेल्या मराठी कुटुंबांपुढे हा प्रश्न प्रत्यक्ष उभा राहू शकतो. आपल्याकडे तो रसायनशास्त्र व सूक्ष्मजीवशास्त्र यांच्या अध्यापनात उपयुक्त ठरणारे उदाहरण म्हणून महत्त्वाचा आहे.

गोळी सोडा आणि बिअर :

मुंबईकरांच्या परिचयाची गोळी सोड्याची बाटली ही हायरम कॉड या इंग्रज अभियंत्याने १८७० च्या दशकात प्रचारात आणली. आतील वायूचा दाबच काचेची गोळी रबरी कड्यावर घट्ट बसवितो. या बाटलीत वायू बाहेरून, यंत्राने भरला जातो. भरणे थांबले की वायूचे प्रमाण निश्चित होते; पुढे दाब वाढतो तो केवळ उष्णतेने. बाटलीत वायुयुक्त होणाऱ्या बिअरची गोष्ट निराळी आहे. तेथे वायू निर्माण करणारे यीस्ट बाटलीच्या आतच असते आणि त्याला आवरणारी कोणतीही झडप नसते. यीस्टला पचणारी साखर संपेपर्यंत वायुनिर्मिती चालूच राहते.

१ ग्रॅम साखरेपासून सुमारे अर्धा ग्रॅम कार्बन डायऑक्साइड मिळतो. सामान्य बिअरमध्ये स्वतःच्या आकारमानाच्या साधारण २.४ पट वायू विरघळलेला असतो. २० अंश सेल्सिअसला किण्वन पूर्ण झालेल्या बिअरमध्ये सुमारे ०.८५ पट वायू आधीच शिल्लक असल्याने, उर्वरित वायूसाठी लिटरमागे सुमारे ६ ग्रॅम, म्हणजे २० लिटरला १२० ग्रॅम साखर पुरते. ही साखर चमच्याने प्रत्येक बाटलीत टाकण्याची पद्धत सदोष आहे. ती पाण्यात उकळून, थंड करून संपूर्ण बिअरमध्ये हलकेच मिसळणे इष्ट. अन्यथा एक बाटली निपचित तर दुसरी फसफसणारी असा प्रकार होतो.

कारणांचा शोध :

सर्वांत घातक कारण म्हणजे घाई. किण्वन अपुरे असताना बाटल्या बंद केल्यास माल्टमधील उरलेली साखर बाटलीत आंबते. हायड्रोमीटरवरील विशिष्ट गुरुत्वात केवळ ०.००४ ची घट व्हावयाची राहिली असली, तरी सुमारे २ पट वायूची भर पडते. २.४ चे ४.४ होतात. ३० अंश तापमानास, म्हणजे मुंबईच्या साध्या खोलीत, अशा बाटलीतील दाब बाहेरच्या हवेपेक्षा साडेपाच वातावरणांनी अधिक भरतो. शँपेनची जाड काच असा दाब सोसते. बिअरच्या साध्या बाटलीवर तेवढा विश्वास टाकता येत नाही. बुडबुडे थांबणे हा किण्वन संपल्याचा पुरावा नव्हे. दोन-तीन दिवसांच्या अंतराने घेतलेली गुरुत्वाची मापे सारखी आली, तरच तो पुरावा मानावा.

दुसरे कारण संसर्गाचे. सॅकरोमायसीस सेरेव्हिसीचा डायस्टॅटिकस हा प्रकार, नेहमीच्या यीस्टला न पचणारी डेक्स्ट्रिने विकराच्या साहाय्याने तोडून आंबवितो. त्यामुळे महिनाभर निर्दोष वाटलेल्या बाटल्या पुढे अनावर होतात. चव आंबट असल्यास जिवाणूंचा संशय घ्यावा.

निदानाची दिशा मात्र सोपी आहे. काहीच बाटल्या उसळत असतील तर साखरेचे असमान मिश्रण किंवा त्या बाटल्यांची अस्वच्छता. सर्वच उसळत असतील तर अपुरे किण्वन, जादा साखर किंवा मूळ पिंपातील संसर्ग. फ्युझेरियम बुरशी लागलेल्या जवाच्या माल्टमुळेही बिअर उघडताच उसळते. मात्र तेथे दाब योग्य असूनही बुरशीची प्रथिने बुडबुड्यांना जन्म देतात. 'उसळणे' आणि 'अतिदाब' हे पर्यायशब्द नव्हेत, हे विद्यार्थ्यांस आवर्जून सांगावयास हवे.

उपाय :

संशयास्पद बाटली उष्ण असताना हाताळू नये. संरक्षक चष्मा व जाड हातमोजे घालून, बाटल्या जाड कापडात गुंडाळून शीतपेटीत ठेवाव्यात. थंड द्रवात वायू अधिक विरघळतो, ४.४ पट वायू असलेल्या बाटलीतील दाबही ४ अंशांस सुमारे दोन वातावरणांवर उतरतो. शिवाय यीस्ट मंदावते. पूर्ण गार झाल्यावर झाकण किंचित उचलून वायू सोडावा व नवे झाकण बसवावे. काही तासांनी हीच कृती पुन्हा करावी लागते. एका बाटलीतील बिअर ढवळून वायुरहित करून तिचे गुरुत्व मोजल्यास, आंबण्याजोगी साखर अजून उरली आहे का, याचा अंदाज येतो. संसर्ग असल्यास वायू सोडून भागत नाही, कारण थंडावा संपताच किण्वन पुन्हा सुरू होते. अशा बाटल्या गार असतानाच उघडून ओतून टाकाव्यात. एखादी बाटली आधीच फुटली असेल, तर शेजारच्या बाटल्यांना लगेच हात लावू नये. धक्क्याने त्यांच्या काचेस तडे गेलेले असू शकतात.