हौशी स्त्रीचें पहिलें धनुष्य

धनुष्य म्हटलें कीं मराठी मनापुढें प्रथम उभें राहतें तें जनकाच्या राजसभेंतील शिवधनुष्य. तें उचलावयास भले भले वीर पुढें आले आणि खजील होऊन मागें फिरले, ही कथा घराघरांत ऐकलेली असते. अवघड कामाला 'शिवधनुष्य' म्हणण्याची भाषेची संवयहि तिच्यांतूनच आली. परंतु या कथेबरोबर एक चुकीची समजूतहि रुजली आहे. धनुष्य जितकें जड तितकें तें श्रेष्ठ, आणि तें ओढण्याची ताकद हीच धनुर्विद्या, असें पुष्कळांना वाटतें. पहिलें धनुष्य विकत घेणाऱ्या स्त्रीचें नुकसान करणारी याहून मोठी समजूत दुसरी नाहीं.

जालना जिल्ह्यांतील मंठा हें तालुक्याचें गांव उदाहरणादाखल घ्यावें. भोंवतीं काळी जमीन, कपाशीचीं व सोयाबीनचीं शेतें, मधूनमधून मोकळें माळरान. अशा गांवांतील एखाद्या शिक्षिकेला, परिचारिकेला किंवा घर सांभाळून शेताकडे पाहणाऱ्या गृहिणीला महिन्यांतून दोन-तीन वेळां निशाण साधण्याची हौस वाटली, तर जागेची अडचण पडत नाहीं. अडचण पडते ती निवडीची. हें साहित्य बाजारपेठेंतील नेहमींच्या दुकानांत मिळत नाहीं. तें चित्र पाहून मागवावें लागतें किंवा मोठ्या शहराहून आणावें लागतें. शेजारीं कोणाला विचारावें, तर जाणकार क्वचितच भेटतो. मग विकणारा सांगेल तें, किंवा दिसावयास भारदस्त वाटेल तें, घरीं येतें. पंधरा दिवसांत खांदा दुखूं लागतो, धनुष्य माळ्यावर जातें, आणि 'हें बायकांचें काम नव्हे' असा निकाल घरांत दिला जातो. दोष असतो धनुष्याचा. ठपका येतो बाईवर. पैसा जातोच, पण त्याहून वाईट हें कीं, ती स्वतःहि तो निकाल खरा मानते.

तो निकाल खरा नाहीं, याला इतिहासाची साक्ष आहे. सन १९०८ सालीं लंडन येथें भरलेल्या ऑलिंपिक सामन्यांत स्त्रियांच्या धनुर्विद्येचें सुवर्णपदक क्वीनी न्यूऑल या इंग्रज बाईंनीं जिंकलें. तेव्हां त्यांचें वय ५३ वर्षांचें होतें. रांचीजवळच्या दीपिका कुमारी हिनें बालपणीं आंब्यांवर नेम धरला, बांबूच्या धनुष्यानें सराव केला, आणि सन २०१० सालीं दिल्लीच्या राष्ट्रकुल सामन्यांत सुवर्णपदक मिळविलें. महाराष्ट्रापुरतें बोलावयाचें, तर सातारा जिल्ह्यांतील अदिती स्वामी हिनें ५ ऑगस्ट २०२३ रोजीं बर्लिन येथें जागतिक अजिंक्यपद पटकावलें. वय अवघें १७ वर्षांचें; अंतिम सामन्यांत १५० पैकीं १४९ गुण मिळवून तिनें मेक्सिकोच्या आंद्रेआ बेसेरा हिला दोन गुणांनीं मागें टाकलें. या तिघींची वयें निराळीं, देश-काल निराळे आणि हातांतील धनुष्यें तर अगदींच निराळीं. एवढ्यावरून हें दिसतें कीं, प्रश्न स्त्रीच्या सामर्थ्याचा नसून तिला साजेशा धनुष्याचा आहे.

तें कसें ओळखावें? धनुष्याची दोरी पुरती मागें ओढून धरण्यास जेवढा जोर लागतो त्यास ओढीचें वजन म्हणतात, आणि तें पौंडांत मोजतात. अठरा पौंड म्हणजे सुमारें आठ किलो. डोक्यावर पाण्यानें भरलेली घागर आणणाऱ्या स्त्रीला आठ किलोंचें भय कसलें, असें कोणी विचारील. परंतु घागरीचा भार कणा व पाय पेलतात; दोरी मात्र खांद्यांच्या फऱ्यांमधील स्नायूंनीं ओढावयाची असते, आणि त्या स्नायूंना नित्याच्या कामांत अशा प्रकारचे श्रम सहसा पडत नाहींत. शिवाय ओढणें हा अर्धाच भाग झाला. ओढलेली दोरी हनुवटीखालीं स्थिर धरून, श्वास शांत ठेवून, नेम लागेपर्यंत थांबावें लागतें. जड धनुष्य हा थांबण्याचा अवकाशच देत नाहीं. हात थरथरतो, खांदा कानाकडे चढतो, दोरी घाईनें सुटते. आणि हीच घाई पुढें संवय होऊन बसते.

हौशी स्त्रीच्या बाबतींत आणखी एक गोष्ट ध्यानांत धरिली पाहिजे, आणि विक्रेत्याच्या सल्ल्यांत नेमकी तीच राहून जाते. रोज शंभर बाण सोडणाऱ्या मुलीचे स्नायू महिन्यागणिक वाढतात. म्हणून आज किंचित् जड वाटणारें धनुष्य तिला कांहीं काळानें हलकें होतें. पंधरवड्यांतून एकदां बाण हातीं घेणाऱ्या स्त्रीची गोष्ट वेगळी. मध्यंतरीं सुगी येते, लग्नसराई येते, मुलांच्या परीक्षा येतात. प्रत्येक वेळीं ती जवळजवळ पहिल्या दिवसाच्याच बळानें उभी राहते. यास्तव 'हळूहळू संवय होईल' हें आश्वासन तिच्यासाठीं नाहीं. तिनें धनुष्य निवडावें तें सरावाच्या ऐन भरांतील दिवसासाठीं नव्हे, तर महिनाभराच्या खंडानंतरच्या दिवसासाठीं.

परीक्षा सोपी आहे. धनुष्य ओढून धरावें व मनांत सावकाश दहा अंक मोजावे. मग दोरी सोडून न देतां हळूहळू परत आणावी. थोडा विसावा घेऊन हेंच बारा वेळां करावें. बाराव्या खेपेसहि हात न थरथरतां दहा अंक पुरे झाले, तर तें धनुष्य साजेसें आहे. न झाले, तर तें कितीहि सुंदर असो, परत करावें.

धनुष्य दूरहून मागवावयाचें असल्यास ही परीक्षा आधीं घेतां येत नाहीं. तेथें थोडा हिशेब करावा लागतो. भुजेवर छापलेलें वजन हें दोरी २८ इंच ओढली असतांचें असतें. प्रत्येकीची ओढ तेवढी नसते. दोन्ही हात आडवे पसरून एका मधल्या बोटाच्या टोंकापासून दुसऱ्याच्या टोंकापर्यंत इंच मोजावे आणि त्यांस अडीचनें भागावें, म्हणजे ओढीची अदमासें लांबी मिळते. हातांचा पसारा साडेबासष्ट इंच भरला, तर ओढ २५ इंचांची. अशा हलक्या धनुष्यांत दर इंचास सुमारें दोन पौंडांचा फरक पडतो. म्हणून २४ पौंड छापलेलें धनुष्य या स्त्रीच्या हातांत सुमारें १८ पौंडांचें होतें. हौशी प्रौढ स्त्रीला प्रत्यक्ष हातांत १४ ते १८ पौंड पुरेसे आहेत. त्यावरून छापील आंकडा किती असावा तें ठरवावें. बहुधा तो १८ ते २४ यांच्या दरम्यान येतो. चाळीस पौंडांच्या आसपासचीं धनुष्यें घेऊन ७० मीटरांवर बाण टाकणाऱ्या खेळाडूंचें अनुकरण करूं नये. दहा-पंधरा मीटरांवरील निशाणासाठीं तेवढ्या जोराची गरजच नाहीं.

आतां धनुष्याच्या जाती. पहिली बांबूची किंवा लांकडाची, साधी. ती सर्वांत स्वस्त, आणि भारतांत तिच्या स्वतंत्र स्पर्धाहि होतात. हातीं असलेलें धनुष्य हलकें व नीट घडविलेलें असेल तर तें टाकून देण्याचें कारण नाहीं; मात्र त्याचें वजन पुढें बदलतां येत नाहीं. दुसरी जात 'कंपाउंड'. भुजांच्या टोंकांशीं कप्प्या असतात आणि पुरती ओढ झाली म्हणजे बराचसा भार त्या कप्प्यांमुळें कमी होतो. अदिती स्वामीचें जगज्जेतेपद याच जातीच्या धनुष्यावरचें. परंतु त्याची किंमत अधिक. आणि दोरी बदलावयाची झाली तर त्यास विशेष दाबयंत्र व जाणता हात लागतो. मंठ्यासारख्या ठिकाणीं तें बिघडलें म्हणजे शहराची वाट धरावी लागते. तिसरी जात 'रिकर्व्ह', म्हणजे टोंकें बाहेरच्या बाजूस वळलेल्या भुजांची. तिच्यांत मूठ व दोन भुजा सुट्या करतां येतील असा प्रकार मिळतो, आणि हौशी स्त्रीसाठीं बहुधा तोच योग्य ठरतो. कांहीं हजार रुपयांत तो येतो. उच्च स्पर्धेच्या साहित्याप्रमाणें लाखाच्या घरांत जावें लागत नाहीं. बळ वाढलें तर मूठ तीच ठेवून फक्त भुजा बदलतां येतात. धनुष्याची एकंदर लांबी बहुतेक स्त्रियांना ६२ ते ६६ इंच पुरते.

या सुट्या भुजांचा आणखी एक लाभ आहे. दोघी-तिघी मैत्रिणी किंवा एखादें महिला मंडळ मिळून एकच मूठ घेऊं शकतात, आणि वेगवेगळ्या वजनाच्या भुजांच्या जोड्या ठेवूं शकतात. मात्र मूठ उजव्या हाताची कीं डाव्या हाताची, हें आधीं पाहिलें पाहिजे. आणि तें हातापेक्षां डोळ्यावर अधिक अवलंबून असतें. दोन्ही तळहात पुढें पसरून त्यांच्या बेचक्यांत लहानसें छिद्र ठेवावें, त्यांतून दूरचें झाड पाहावें आणि एकेक डोळा मिटावा. जो डोळा उघडा असतां झाड जागेवर दिसतें, तो प्रबळ डोळा. त्याच बाजूच्या हातानें दोरी ओढणें बहुधा सोयीचें पडतें.

सारा पैसा धनुष्यावर घालणें ही दुसरी मोठी चूक. दर शंभर रुपयांतील साठ धनुष्याला, तीस बाणांना आणि दहा हाताच्या संरक्षणाला, असा वांटा ठेवावा. बाण निदान सहा असावे. त्यांची लांबी ओढीपेक्षां दोन इंच अधिक ठेवावी, म्हणजे जास्त ओढ झाली तरी बाणाचें टोंक मागें सरकून हातावर येत नाहीं. हलक्या धनुष्याला लवचीक बाण लागतात. ताठ बाण त्यावरून सरळ जात नाहीं, आणि नवशिकी दोष स्वतःकडे घेते. म्हणून बाण मागवितांना धनुष्याचें वजन व स्वतःची ओढ, या दोन्ही गोष्टी अवश्य कळवाव्या. मनगटापासून कोपरापर्यंतचें हस्तत्राण, बोटांसाठीं चामड्याचा तुकडा आणि दोरी चढविण्याची वेगळी फीत, या तीन वस्तूंत काटकसर करूं नये. पायाखालीं धनुष्य वांकवून दोरी चढविण्याच्या खटपटींत भुजा पिळवटतात.

पोशाखाचाहि विचार हवा. पदर कमरेला घट्ट खोंचलेला असावा. मंगळसूत्र आंत घ्यावें. लोंबतीं कर्णभूषणें काढून ठेवावीं आणि केस मागें बांधावे. सुटलेली दोरी सैल बाहीला किंवा पदराला लागली तर बाण भरकटतो, आणि कर्णभूषणांत अडकली तर इजा होते.

जुनें धनुष्य स्वस्तांत मिळत असेल तर घेण्यास हरकत नाहीं. भुजा पिळवटलेल्या नाहींत ना, हें दोरी चढवून टोंकाकडून पाहावें. दोरी दोन्ही भुजांच्या मध्यावरून गेली पाहिजे. नंतर भुजांवरून व बाणांवरून कापसाचा बोळा हलकेच फिरवावा. जेथें तंतू अडकेल तेथें चीर आहे असें समजावें. कपाशीच्या मुलुखांत ही परीक्षा फुकटच होते!

मराठवाड्याच्या उन्हाळ्याचें भान ठेवणें हेंहि ओघानेंच आलें. लांकूड व कांचतंतू यांचे थर डिंकानें जोडून या भुजा केलेल्या असतात. पत्र्याच्या छपराखालीं किंवा उन्हांत उभ्या केलेल्या मोटारींत धनुष्य ठेवलें तर हे थर सुटूं शकतात. काम झालें कीं दोरी उतरवून तें गार व कोरड्या खोलींत ठेवावें. निशाणासाठीं पोत्यांत जुनीं लुगडीं व चिंध्या ठांसून भराव्या. पोत्यामागें मातीचा उंच बांध असावा. पाऊलवाट, विहीर किंवा गुरें त्या दिशेस असूं नयेत. उन्हाळ्यांत काळ्या जमिनीला भेगा पडतात. चुकलेला बाण त्यांत शिरला तर सांपडणें कठीण, म्हणून आरंभीं सात-आठ मीटरांहून दूर उभें राहूं नये. आणि एक नियम घरांतील मुलांनाहि शिकवावा: बाण न लावतां ओढलेली दोरी कधींहि सोडूं नये. बाणाबरोबर जावयाचा जोर अशा वेळीं धनुष्यांतच राहतो व भुजा फुटते.

हें सर्व पाहून घेतलेलें धनुष्य कदाचित् फार रुबाबदार दिसणार नाहीं, आणि पाहणारा कोणी 'एवढेंसेंच?' असेंहि म्हणेल. त्याला उत्तर देण्याची घाई नसावी. सुगी उरकल्यावर, दीड महिन्यानें, तें भिंतीवरून काढून हातांत घेतलें असतां पहिलाच बाण शांतपणें सोडतां आला, तर निवड बरोबर झाली असें समजावें. शिवधनुष्य एकदांच उचलावयाचें होतें. हें वर्षानुवर्षें पुन्हां पुन्हां उचलावयाचें आहे.