अणूतील बेरीज-वजाबाकी

उत्तर कन्नड जिल्ह्यात काळी नदीच्या काठी कैगा येथे अणुवीज केंद्र आहे. सन २००० पासून तेथील वीज व्यापारी तत्त्वावर मिळू लागली. ‘तिथे काही बरेवाईट झाले तर?’ असा प्रश्न आपल्या हुबळी-धारवाडच्या मंडळींत अधूनमधून निघतो. त्याच्या उत्तराचा एक भाग मुलांच्या रसायनाच्या पुस्तकातच आहे.

अणूच्या गर्भात प्रोटॉन व न्यूट्रॉन असतात, बाहेर इलेक्ट्रॉन. नाव ठरते ते प्रोटॉनांवरून. ५३ प्रोटॉन असले की ते आयोडीन, मग बाकी काही का असेना. प्रोटॉन व न्यूट्रॉन यांची बेरीज हा अणूचा भारांक. निसर्गातील आयोडीनात ७४ न्यूट्रॉन, म्हणून ते आयोडीन-१२७. अणुभट्टीत युरेनियम फुटून निपजणाऱ्या एका प्रकारात ७८ असतात, ते आयोडीन-१३१. ही एकाच मूलद्रव्याची समस्थानिके होत. पहिले स्थिर, दुसरे किरणोत्सर्गी, सुमारे आठ दिवसांत निम्मे होणारे.

विद्युतभारासाठी मात्र प्रोटॉनांतून इलेक्ट्रॉन वजा करावेत. पोटॅशियम आयोडाइडच्या गोळीत पोटॅशियमचे प्रोटॉन १९, इलेक्ट्रॉन १८. भार अधिक एक. आयोडीनचे प्रोटॉन ५३, इलेक्ट्रॉन ५४. भार उणे एक. मुले नेमकी इथेच चुकतात. ‘इलेक्ट्रॉन वाढला, मग अधिक का नाही?’ असे विचारतात. वाढला तो कणच ऋणभारित आहे, हे ती विसरतात. न्यूट्रॉनांचा या हिशेबाशी संबंध नाही.

आता मुद्द्याचे. गळ्यातील थायरॉईड ग्रंथीला न्यूट्रॉन मोजता येत नाहीत. १२७ असो वा १३१, ती दोन्ही सारख्याच ओढीने घेते. १९८६ साली चेर्नोबिलच्या अपघातानंतर किरणोत्सर्गी आयोडीन दुधावाटे मुलांच्या पोटात गेले आणि पुढे अनेकांना थायरॉईडचा कर्करोग झाला. पोलंडने त्या वेळी सुमारे एक कोटी मुलांना स्थिर आयोडीन पाजले. ग्रंथी आधीच भरलेली असली की दुसऱ्याला जागा उरत नाही, एवढीच ती युक्ती. गोळी वेळेवर आणि सरकारी सूचना झाली तरच घ्यावी. घरच्या आयोडीनयुक्त मिठाने हे साधणार नाही. तेवढ्या आयोडीनसाठी किलोगणती मीठ खावे लागेल!

गोळीची मर्यादाही याच हिशेबात दिसते. अपघातात आणखी एक द्रव्य बाहेर पडते. त्याच्या आयनात प्रोटॉन ५५, न्यूट्रॉन ८२, इलेक्ट्रॉन ५४. म्हणजे सिझियम-१३७, भार अधिक एक. प्रोटॉन निराळे, म्हणून मूलद्रव्यच निराळे. त्याच्यापुढे आयोडीनच्या गोळीचा काही उपयोग नाही.